मी येईपर्यंत

मे महिना लागला की माझ्या दाराशी अजूनही कोणी ना कोणी येतं. परवा एक तरुण जोडपं आलं. नव्या वसाहतीत फ्लॅटात राहतात, दोघंही नोकरी करतात, त्यातल्या मुलीच्या काखेत गोंडेदार शेपटीचं कुत्र्याचं पिल्लू. "काकू, तुम्ही पूर्वी लोकांचे कुत्रे सांभाळायचात ना? आठवड्याचाच प्रश्न आहे. आम्ही गावाला जाऊन येतो." मी नाही म्हटलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पैसे वाढवून सांगितले. मी पुन्हा नाही म्हटलं, त्यांनी पुन्हा वाढवले. त्यांची चूक नाही. माझं 'नाही' हे भाव चढवण्यासाठीच असतं असा माझा लौकिक आहे, आणि तो मला कोणी आंदण दिलेला नाही, मीच कमावलेला आहे. शेवटी आवाज चढवला. पिल्लू घाबरून त्या मुलीच्या ओढणीत शिरलं आणि ती दोघं निघून गेली.

ती गेल्यावर मी बराच वेळ अंगणात उभी होते. दुपारचं ऊन आवाराभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळत होतं. चिरा तापला की त्याला भाजक्या मडक्यासारखा वास येतो. पलीकडच्या आवारात आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं, पेंढ्याची काडी वाऱ्यावर येऊन पायाला चिकटत होती. खाडीकडून खारट, कोंदट वारा येत होता. असा सगळा वास एकत्र आला की मला माझ्या अंगणात कुत्री दिसायला लागतात. गडग्याच्या सावलीत ओळीनं पसरलेली, जिभा बाहेर टाकलेली, एक डोळा फाटकावर ठेवून झोपलेली. प्रत्येकाला वाटत असायचं, आता आपलं माणूस येईल.

ऐंशीच्या दशकातले ते मे महिने. मी सुकी मासळी विकायची. सुरुवात डोक्यावरच्या पाटीपासून केली. बंदरावर माल उचलायचा आणि आतल्या गावांतून दारोदार फिरायचं. मग बाजारात बसायला जागा मिळवली, मग हे घर आणि घरामागचं आवार घेतलं. नवरा बोटीवर असायचा, वर्षातले आठ महिने पाण्यात आणि उरलेले चार झोपेत. घरात मी, माझी मुलगी आणि विधवा नणंद सुशी. यातली एकही गोष्ट मला सरळपणे मिळाली नाही. प्रत्येकीसाठी भांडावं लागलं, आणि भांडायची सवय एकदा लागली की ती चांगल्या दिवसांतही सुटत नाही.

कुत्र्यांचं सुरू झालं ते बदलीवर आलेल्या साहेबलोकांमुळे. शाळांना सुट्टी लागली की त्यांची कुटुंबं पुण्याला, कोल्हापूरला, नागपूरला आपापल्या घरी जायची. एसटीत कुत्रं घेत नाहीत. शेजारी सांभाळायला तयार नसतात. माझ्याकडे सोडे घ्यायला येणाऱ्या एका साहेबांच्या बायकोनं एकदा विचारलं, "द्वारकाबाई, तुमचं एवढं मोठं आवार आहे, आमचा टायगर ठेवाल का?" माझ्या डोक्यात लगेच हिशेब जुळला. आवार होतं, गडगा छातीएवढा होता, माशांची डोकी तशीही कावळ्यांना जात होती. पुढच्या मे महिन्यात टायगरबरोबर आणखी दोन आले. त्याच्या पुढच्या मे महिन्यात मला लोकांना परत पाठवावं लागलं.

लोकांना वाटतं, दुसऱ्याचं कुत्रं सांभाळणं म्हणजे वेळेवर खायला घालणं. खायला काय, कोणीही घालतो. खरा त्रास कुत्र्यांचा नसतोच, मालकांचा असतो. मालक खोटं बोलतात. "आमचा चावत नाही हो," असं जो आल्याआल्या सांगतो त्याचा हमखास चावतो; मी तेवढं ऐकलं की सुशीला हळदीचा डबा खाली काढायला सांगायची. एका बाईनं कुत्री माजावर आहे हे मला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या मांडवी बंदरावरचे झाडून सगळे कुत्रे म्हणावेत इतकी गर्दी माझ्या फाटकाशी, आणि त्यांच्या मारामाऱ्यांनी आळी डोक्यावर घेतलेली. समोरचे भाई खिडकीतून ओरडले, "द्वारके, तुझ्या पाव्हण्यांना गप कर, नायतर मी येऊन भुंकतो!"

"या की," मी म्हटलं, "तुमचीच तेवढी कमी आहे!"

एका वकिलांचा पांढरा पामेरियन होता. घर पक्कं शाकाहारी. दहीभात, तूपभात, आणि दुपारी दुधात बुडवलेलं बिस्कीट. "आमच्या चिंटूला वाससुद्धा सहन होत नाही," वकिलीणबाईंनी बजावलं होतं. मी म्हटलं, "मग सुक्या मासळीवालीकडे कशाला आणलात?" त्या म्हणाल्या, "दुसरं कोणी घेत नाही हो." चिंटूनं पहिल्या दिवशी दहीभात पाहून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या बांगड्यांतला एक पळवला आणि शेंगदाणे फोडावेत तसा कुडुमकुडुम खाल्लान. महिन्यानं बाई न्यायला आल्या तेव्हा त्याचं अंग चकाकत होतं. बाईंनी उचलून घेतलं, त्यानं प्रेमानं त्यांचं तोंड चाटलं, आणि बाईंचा चेहरा असा झाला की सुशी पदर तोंडात कोंबून आत पळाली. पण पुढच्या वर्षी आल्या. दहीभाताचं नाव काढलं नाही.

हळूहळू मी शिकत गेले. नव्या कुत्र्याला बाकीचे दिसतील पण पोचणार नाहीत, असा बांधायचा. दोन दिवसांत त्यांचं आपसांत ठरतं, कोण मोठं, कोण धाकटं. माणसांपेक्षा लवकर ठरतं. जेवण चार कोपऱ्यांत, तोंडं भिंतीकडे, म्हणजे कोणाची थाळी मोठी हे कोणाला दिसत नाही. गोचिडांना करंजेल. मे अखेरीस ढग गडगडू लागले की भित्र्यांना पोत्यांच्या थप्पीमागे जागा करून द्यायची, बाहेर ओढायचं नाही. आणि मालकाला सांगायचं, जाताना मागे वळून बघू नका. वळून बघितलं की कुत्र्याला कळतं, काहीतरी वाईट चाललंय.

सगळ्यात कठीण पहिले दिवस. कुत्रं खात नाही. भारीतलं भारी पुढे ठेवा, नाक लावून बाजूला होतं. त्यावर माझ्याकडे एक उपाय होता, आणि तो मला कोणी शिकवला नव्हता. मुलगी तान्ही असताना मी पाटी घेऊन पहाटे निघायची आणि दुपार कलल्यावर परत यायची. ती सुशीकडे नुसती रडायची. एक दिवस घाईत माझं आदल्या दिवशीचं लुगडं धुवायचं राहून तसंच पडलं होतं, त्यावर सुशीनं तिला निजवलं. मुलगी गप्प झाली. पुढे मी रोज अंगावरचं लुगडं काढून तसंच तिच्या अंथरुणावर ठेवून जायची. मासळीचा वास, घामाचा वास, त्यात ती झोपायची. तेच मी कुत्र्यांना लागू केलं. साहेबलोकांना सांगायचं, अंगातलं एक कापड द्या, धुतलेलं नको. पहिल्यांदा सगळे लाजतात. इस्त्रीचा शर्ट आणून देतात. मी परत पाठवायची.

हे एवढं सांगायचं कारण आप्पा शेट्ये.

आप्पांचा जन्म बंदरावरच्या आगबोटीच्या कचेरीत तिकिटं फाडण्यात गेला. बोट बंद झाली, मग बायको गेली. मूलबाळ नव्हतं. उरला एक कुत्रा, गावठी, तांबडा-पांढरा, एक कान दुमडलेला. त्याचं नाव कप्तान. "बोट गेली, कप्तान ठेवला," असं ते सगळ्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे. बाजारात माझ्याकडे यायचे ते मूठभर सुक्या मांदेलीसाठी, आणि त्या मुठीसाठी अर्धी सकाळ घासाघीस करायचे. शेवटी मी कंटाळून चार मांदेली वर टाकली की लगेच उठायचे, जणू ती चारच घ्यायला आले होते. मला त्यांचा राग यायचा आणि ते दोन दिवस आले नाहीत तर चैनही पडायचं नाही. तोडीस तोड भांडणारं माणूस रोज मिळत नाही.

त्या वर्षी मे महिना नुकताच लागला होता. आगोटीचे दिवस; पावसाळ्याची बेगमी म्हणून अख्खं गाव सुकी मासळी भरून ठेवतं, त्यामुळे माझा खरा धंदा त्याच महिन्यात. आप्पा कप्तानला घेऊन थेट घरी आले.

"काय गो द्वारके, कुत्र्यांची धर्मशाळा काढलीस म्हणतात."

"धर्मशाळेत फुकट असतं आप्पा. इथे नाय."

"ते ठाऊक आहे. तुझ्या अंगणातला वारासुद्धा फुकट मिळायचा नाय." ते पडवीत टेकले. "मुंबईस जायचंय. पोटाचं जरा दाखवायचंय. पुतण्या म्हणतो, ये."

पैशाचं बोलणं दोन वाक्यांत मिटलं. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण लगेच ते बाकीच्या अटींवर आले आणि नेहमीसारखे घासायला लागले, म्हणून मी निर्धास्त झाले.

"रोज सकाळी एक अंडं."

"साहेबांच्या अल्सेशियनला नाय अंडं. याला?"

"बरं, एक दिवसाआड."

"आठवड्यातून एकदा. शनिवारी."

"शनिवारी मारुतीचा वार गो! त्या दिवशी आम्ही दोघं खात नाय."

"मग रविवारी."

"रविवार तर रविवार. निजायला चटई. आणि संध्याकाळी भाट्याच्या वाळूवर न्यायचा त्याला."

"आगोटीच्या दिवसांत? आणि माझा माल कोण विकणार, तुम्ही?"

"सुशी नेईल."

"सुशीचे गुडघे बघितलेत?"

"राहू दे. पण अंगणात मोकळा सोड."

"भांडला तर बांधणार."

"बांध." त्यांनी कप्तानचा दुमडलेला कान सरळ केला. तो पुन्हा दुमडला.

"न्यायला कधी येणार?" मी विचारलं.

"आलो की."

"असं नाय चालत. मृग लागला की मला पडवीत माल भरायचा असतो. दिवस सांगा."

"मुंबईहून आलो की नेतो."

"आप्पा, दिवस."

"अंडं नको देऊस."

"काय?"

"रविवारचं अंडं राहू दे. डोकी घातलीस तरी खाईल. पण मी येईपर्यंत ठेवायचा."

"आणि तुम्ही पावसात अडकलात तर?"

"चटईपण नको. पोत्यावर निजेल. मी येईपर्यंत."

मी मनात हसले. इतक्या वर्षांत आप्पा शेट्ये पहिल्यांदा एवढे खाली उतरत होते. अंडं गेलं, चटई गेली, भाट्याची वाळू गेली, आणि मी बदल्यात काय दिलं? दोन शब्द. मी म्हटलं, "बरं. तुम्ही येईपर्यंत." आमच्या धंद्यात कागद नसतो. बोटीवरचा माल तोंडी बोलीवर उचलतात, आणि बोललेला शब्द फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून बंदरावर कोणी उभं करत नाही. आप्पा बंदरावरच वाढलेले. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मग मी अंगातलं कापड मागितलं. साहेबलोक लाजायचे, तसे ते लाजले नाहीत. तिथेच पडवीत सदरा काढला. बरगड्या मोजता आल्या असत्या. मला वाटलं, म्हातारपण. पिशवीतून परीटघडीचा सदरा काढून घातला, जुना जमिनीवर पसरला आणि त्यावर थापटलं. "बस, कप्तान." तो बसला. आप्पा उठले, फाटकातून गेले. मी सांगायच्या आधीच त्यांनी ते केलं होतं. मागे वळून बघितलं नाही.

कप्तान गुणी होता. त्यानं पहिल्या संध्याकाळपासून खाल्लं, फक्त थाळी त्या सदऱ्यावर ठेवावी लागायची. ऊन सरकलं की तो सदरा दातांत धरून सावलीत न्यायचा आणि त्यावर परत बसायचा. बाकीच्या कुत्र्यांपैकी कोणाची त्याच्याजवळ जायची छाती नव्हती. अल्सेशियनसुद्धा लांबून वळसा घालून जायचा. सुशी म्हणायची, "बघ गो वैनी, सिंहासनावर बसल्यासारखा बसतो." फणसाचे गरे, काजूची बोंडं, आंब्याच्या कोयी, मुलं जे टाकतील ते बाकीची कुत्री चघळायची. हा पंक्तीत न बसणाऱ्या भटजीसारखा दूर.

महिना निम्मा सरला असेल. बाजारात गर्दीच्या वेळी एक पँट-शर्टातला माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोक्याचं मुंडण केलेलं होतं. "द्वारकाबाई तुम्हीच ना? मी वसंता. आप्पा शेट्यांचा पुतण्या. काका गेले."

मी हातातली सुकटीची मूठ तशीच धरून बसले. "ऑपरेशनात?"

"ऑपरेशन केलंच नाही. करण्यासारखं काही उरलं नाही, असं इथल्याच डॉक्टरांनी त्यांना शिमग्याच्या आधी सांगितलं होतं."

"मग मुंबईस कशाला आले?"

तो खाली बघून म्हणाला, "इथं पाणी द्यायला तरी कोण होतं?"

मी मुठीतली सुकट टोपलीत टाकली. मग विचारलं, "कुत्रा कधी नेतोस?"

"मी? बाई, चाळीत एका खोलीत पाच माणसं आम्ही. काका म्हणाले, कुत्र्याची काळजी करू नको. द्वारकेशी बोलणं झालंय, तिनं शब्द दिलाय."

त्या क्षणी मला सगळं दिसलं. अंडं, चटई, वाळू. ती सगळी वर टाकलेली मांदेली होती. मला जिंकू देऊन, एकेक सोडून, त्यांनी हवं ते एकच उचललं आणि उठून गेले. मी बंदरावरच्या नाखव्यांना नमवलं होतं, गोव्याच्या व्यापाऱ्यांना नमवलं होतं. मी बाजारात इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारणीनं तागडी खाली ठेवली. "फसवलंन! म्हाताऱ्यानं मला फसवलंन!"

"बाई, गेलेल्या माणसाला असं बोलू नये," वसंता म्हणाला.

"ते जिवंत असते तर मी याहून वाईट बोलले असते!"

तशीच तणतणत घरी आले. फाटकातूनच दिसलं, पडवी नुकतीच शेणानं सारवलेली, ओली. कप्तान अंगणात उभा, नखशिखांत भिजलेला, अंगातून पाणी निथळतंय. सुशी पंच्यानं त्याचं अंग पुसत होती. बातमी माझ्या आधी आळीत पोचली होती.

"सदरा कुठाय?" मी विचारलं.

"खाडीत सोडला," सुशी म्हणाली. "गेलेल्याचं अंगावरचं वस्त्र घरात ठेवू नये गो."

"आणि याला आंघोळ?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "आप्पांचं त्याच्याशिवाय होतं कोण गो वैनी? सुतक त्यालाच ना? सुतकाची आंघोळ नको घालायला?"

सुशीनं सगळं बरोबर केलं होतं. आमच्याकडे असंच करतात. मी तिच्या जागी असते तर माणसासाठी हेच केलं असतं. फक्त कुत्र्याला आप्पांचा मुलगा मानायचं माझ्या डोक्यात आलं नसतं, ते तिच्या आलं.

कप्ताननं ओल्या सारवणावर नाक टेकवून सगळी पडवी हुंगली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा. स्वतःचं अंगही हुंगलं. त्यावरही काही उरलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन आप्पांच्या घरी गेले. वाटलं, एखादं पांघरूण, टॉवेल, उशीचा अभ्रा, काहीतरी मिळेल. वसंता दारातच होता. त्यानं बायका लावून घर धुऊन घेतलं होतं, फिनेलचा वास येत होता. कपडे गरिबाला दिले होते, अंथरूण दिलं होतं, चपलासुद्धा. तोही रीतीनंच वागला होता. कप्तान खोल्याखोल्यांतून फिरला. मोरीपाशी थांबला, खुंटीखाली थांबला. मग बाहेर येऊन माझ्या पायांशी उभा राहिला. मला वसंताशी भांडायचं होतं, पण कशावरून भांडणार?

"मुंबईत त्यांचं काही राहिलं असेल, न धुतलेलं," मी म्हटलं, "तर एसटीनं पाठवून दे. काहीही."

त्यानं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. पण म्हणाला, "बघतो."

पुढचे दिवस मला अजून नीट आठवतात आणि आठवू नयेत असंही वाटतं. आगोटीची गर्दी, बाजारात उभं राहायला वेळ नाही, आणि मी मध्येच उठून घरी यायची. अंडं दिलं, रविवारची वाट न बघता दिलं. बोंबलाचं पाणी भातावर घालून दिलं. वकिलांच्या चिंटूचा दहीभातसुद्धा करून पाहिला. गुरांच्या डॉक्टरना बोलावलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, म्हणाले, "पोटाला काही नाही." कप्तान पाणी प्यायचा आणि फाटकाकडे तोंड करून पडून राहायचा. कमरेची हाडं वर आली. सुशी त्याच्याजवळ बसून स्वतःशीच पुटपुटायची, "मी चुकीचं काय केलं गो?" मी तिच्यावर चिडायची, मग आप्पांवर चिडायची. माझ्याकडे ठेवलेलं कुत्रं मी कधी उपाशी परत दिलं नव्हतं. आता तर परत द्यायलाही कोणी नव्हतं. तरीही ते मरू द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. माझ्या अंगणात मेलं असतं तर आप्पा सौद्यातही जिंकले आणि माझा शब्दही खोटा पडला, असं झालं असतं.

एका दुपारी मी बाजारातून आले ती इतकी थकून, की हातपायही न धुता पडवीत आडवी झाले. सकाळपासून सोडे आणि सुकट हातांनी उपसत होते. लुगडं घामानं आणि मिठानं कडक झालं होतं. डोळा लागला. जाग आली ती पदर कशाखाली तरी अडकल्यामुळे. कप्तान पदरावर हनुवटी टेकून झोपला होता. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. सुशीला खुणेनं भात आणायला सांगितला. त्यानं डोळे उघडले, माझा तळवा हुंगला, आणि त्यातला भात खाल्ला. थोडाच. संध्याकाळी आणखी. त्या दिवसापासून मी लुगडं बदललं की उतरलेलं पडवीत टाकायची, आणि तो त्यावर बसून जेवायचा. त्या संध्याकाळी मी आळीत सगळ्यांना विनाकारण शिव्या घालत फिरले. भाई खिडकीतून म्हणाले, "आज बाय खुशीत दिसते."

मे संपत आला होता, आणि वसंतानं पाठवलेलं बोचकं आलं. मुंबईच्या रातराणीच्या कंडक्टरनं बाजारात आणून दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोकरीची कानटोपी. वसंताचा निरोप होता, पंख्याखाली थंडी वाजते म्हणून आप्पा घालायचे. खाटेच्या उशाखाली राहिली, म्हणून धुण्यातून सुटली. मी वाटेत उघडली नाही. घरी येऊन उघडली. खोबरेल, औषध आणि त्याच्याखाली अगदी पुसट, माझ्या टोपलीवर वाकून मांदेली चिवडणारा तो म्हातारा. मी एकदाच हुंगली आणि कप्तानपुढे ठेवली.

तो उठून उभा राहिला. बराच वेळ हुंगत होता. शेपटी हलली. मग तो फाटकाशी गेला, रस्त्याकडे बघितलं. आंब्याच्या पेट्या लादलेला ट्रक घाटाकडे चालला होता. तो गेला, धूळ खाली बसली. कप्तान परत आला, टोपीला वळसा घालून पुढे गेला आणि माझ्या लुगड्यावर अंगाचं वेटोळं करून बसला.

"मिटलं गो त्याचं," सुशी म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि डोळ्यांना धूर लागेपर्यंत फुंकत राहिले. आप्पांना ओळखणारं या गावात एक नाक उरलं होतं, आणि ते मी माझ्या वासानं भरून टाकलं होतं. जगवायचं तर दुसरा उपाय नव्हता. अजूनही मला दुसरा उपाय सापडलेला नाही.

कप्तान पुढे बरीच वर्षं जगला. माझ्यामागून बाजारात यायचा, गिऱ्हाइकांवर भुंकायचा, विशेषतः जास्त घासाघीस करणाऱ्यांवर. मेला तोही मे महिन्यातच, म्हातारा होऊन, भरल्या पोटी. लोकांचे कुत्रे ठेवणं मी त्याच्या आधीच बंद केलं होतं. एकेक मालक आला की त्याच्या गळ्याची, मनगटाची हाडं वर आलीत का, ते मी बघत बसायची. किती दिवसांसाठी जाताय, कोणत्या डॉक्टरकडे दाखवलंत, असं खोदून विचारायची. लोकांना राग यायचा. साहजिक आहे.

वसंतानं घर विकलं. तिथे आता इमारत आहे, खाली मोबाइलची दुकानं. आगबोटीची कचेरी कुठे होती हे विचारलं तर चारातले दोघं चुकीच्या दिशेला बोट दाखवतात. आप्पांचं श्राद्ध घालणारं कोणी नाही, भिंतीवर लावलेला फोटो नाही. कुत्र्यानं मिटवलं. सुशी म्हणते, "वैनी, तू पण मिटव आता, किती वर्षं मनात धरून बसशील?" तिला वाटतं, ही हट्टी आहे, हिला हार सोसत नाही. तेही खरं आहे. पण आमच्या बाजारात ज्याच्याशी भांडण मिटलं त्याचं नाव पुन्हा कोणी काढत नाही. काढायचं कारणच उरत नाही. मी मिटवलं तर आप्पा शेट्ये हे नाव रत्नागिरीत कोण तोंडावर आणील?

म्हणून आगोटीच्या दिवसांत, मासळी वाळत घालताना, मी त्यांच्याशी भांडते. मोठ्यानं. अंड्यावरून, चटईवरून, पोटाचं न सांगितल्यावरून. परवा ते जोडपं गेल्यावरही बराच वेळ भांडत होते. सुशीला आता कमी ऐकू येतं, तरी तिनं आतून विचारलंच, "कुणाशी बोलतेस गो?"

"गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "अजून उठलं नाय."